विश्लेषण : इंग्रजीतील ‘टू’ आणि ‘इंग’ मराठीतून का शिकवावे?

‘वी स्टॉप्ड स्प्रेइंग’ आणि ‘वी स्टॉप्ड टू स्प्रे’. दोन्ही वाक्ये दिसायला जुळी आणि व्याकरणाने बिनचूक. मात्र नारायणगाव परिसरातील एखाद्या द्राक्ष बागायतदाराने परदेशी खरेदीदाराला मेल लिहिताना एकाच्या जागी दुसरे लिहिले, तर अर्थ उलटा होतो. पहिल्या वाक्यात फवारणी बंद झाली. दुसऱ्यात हातातले काम थांबवून फवारणी करायला घेतली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत औषधाचा अंश किती उरला आहे, हे तपासले जाते. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले, यावर माल स्वीकारणे अवलंबून असते. हा फरक परीक्षेतल्या एका गुणापुरता नाही.

नेमका फरक काय?

इंग्रजीत एका क्रियापदाला दुसरे जोडण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. ढोबळ मानाने ‘टू’ची नजर पुढे, म्हणजे करायच्या कामाकडे असते. ‘इंग’ची नजर चालू असलेल्या किंवा होऊन गेलेल्या कामाकडे असते.

विहिरीवरच्या मोटरचे उदाहरण घेऊ. ‘आय रिमेंबर्ड टू स्विच ऑफ द मोटर’ म्हणजे मोटर बंद करायची आठवण झाली आणि ती बंद केली. ‘आय रिमेंबर स्विचिंग ऑफ द मोटर’ म्हणजे मोटर बंद केल्याचे आता आठवते. पहिल्यात आठवण आधी, काम नंतर. दुसऱ्यात काम आधी, आठवण नंतर.

‘ट्राय’चेही तसेच. ‘आय ट्राइड टू ओपन द व्हॉल्व्ह’ म्हणजे व्हॉल्व्ह उघडायचा प्रयत्न केला. तो बहुधा उघडला नाही. ‘आय ट्राइड ओपनिंग द व्हॉल्व्ह’ म्हणजे उघडून पाहिला. पुढे पाणी आले की नाही, हा वेगळा प्रश्न.

बिबट्याचा याच्याशी काय संबंध?

जुन्नर आणि आंबेगावात बिबट्या दिसल्याची खबर नेहमीची. इंग्रजीत ‘आय सॉ द लेपर्ड गो इन्टू द केन’ म्हटले, तर बिबट्या उसात गेला आणि ते शेवटपर्यंत पाहिले, असा अर्थ होतो. ‘गोइंग इन्टू द केन’ म्हटले, तर तो जाताना दिसला, एवढेच. तो पूर्ण आत गेला की बांधावरून वळला, हे वाक्य सांगत नाही. शोध कुठून सुरू करायचा, हे ठरवणाऱ्याला हा फरक कळलेला बरा.

मराठी माणसाला हे अवघड का वाटावे?

खरे तर वाटू नये. कारण हे सगळे फरक आपण रोज करतो. ‘फवारणी थांबवली’ आणि ‘फवारणीसाठी थांबलो’ यांत गावातल्या कुणाचाही गोंधळ होत नाही. ‘मोटर बंद करायला विसरलो’ म्हणजे मोटर चालूच राहिली. ‘बंद केल्याचं विसरलो’ म्हणजे उगीच विहिरीपर्यंत हेलपाटा. बोलीत कोणी ‘बंद कराया इसरलो’ म्हणेल, पण अर्थाची रेघ तिथेच राहते. ‘जाताना पाहिला’ आणि ‘गेला ते पाहिलं’, ‘उघडायचा प्रयत्न केला’ आणि ‘उघडून पाहिलं’ या जोड्या सहा वर्षांचे मूलही बरोबर वापरते.

उलट काही ठिकाणी मराठीच अधिक बारकाईने बोलते. फॉर्म ‘भरून दिला’, ‘भरून घेतला’, ‘भरून ठेवला’, ‘भरून टाकला’. काम कुणासाठी केले, कशासाठी केले, की एकदाचे उरकले, हे एका छोट्या क्रियापदाने कळते. इंग्रजीला त्यासाठी जादा शब्द लागतात.

मग मुले अडतात कुठे?

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही हा भाग अनेकदा यादी पाठ करून घेऊन शिकवला जातो : अमुक क्रियापदानंतर ‘टू’, तमुकनंतर ‘इंग’. ‘एन्जॉय’पुढे ‘इंग’ आणि ‘वॉन्ट’पुढे ‘टू’, एवढ्यापुरती यादी चालते. ‘स्टॉप’, ‘रिमेंबर’, ‘ट्राय’ यांच्यापुढे दोन्ही चालतात आणि अर्थ बदलतो. तिथे पाठांतर हमखास दगा देते.

त्याचा फटका नोकरीतही बसतो. चाकणच्या कारखान्यात मुलाखतीला गेलेला तरुण ‘आय यूज्ड टू ऑपरेट धिस मशीन’ म्हणाला, तर ‘पूर्वी चालवायचो’ एवढेच समोर पोहोचते. त्याला सांगायचे असते ‘मला याची सवय आहे’. त्यासाठी ‘आय ॲम यूज्ड टू ऑपरेटिंग’ हवे. मुलाच्या हातात कसब असते, पण वाक्य त्याला मागच्या काळात ढकलते.

मराठीतून शिकल्याने इंग्रजी मोडकी होते का?

शब्दाला शब्द ठेवला तर होते. मराठीची वाक्यरचना इंग्रजीवर लादू नये, हे खरेच. शिवाय सगळीकडे जोडी जुळत नाही : ‘पोहायला आवडतं’ यासाठी इंग्रजीत ‘लाइक’नंतर दोन्ही रूपे चालतात आणि फरक फार थोडा असतो. मात्र अर्थ समजून घेणे आणि शब्दशः भाषांतर करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या दोन भाषा शेजारी ठेवूनच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे. अशा वेळी इंग्रजीच्या तासाला मराठीला वर्गाबाहेर उभे करण्यात शहाणपण नाही.

घोडेगाव असो वा ओतूर, शिक्षकाने फळ्यावर आधी मराठीची जोडी लिहावी : ‘करायला विसरलो’, ‘केल्याचं विसरलो’. फरक मुलेच सांगतील. मग शेजारी इंग्रजी जोडी लिहावी. यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही की महागडा क्लास. पालकांनाही घरी हे करता येईल. मुलाला नियम विचारण्याआधी एवढेच विचारा : ‘तुला नक्की काय म्हणायचंय, ते आधी मराठीत सांग.’