जंत दर्यातून येत नाहीत!

झोपेत दात खाल्ले की जंत झाले. गूळ-साखर जास्त खाल्ली की जंत झाले. गिरगावच्या चाळीपासून लालबागच्या टॉवरपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांनी हे निदान घरातच ऐकलंय आणि वर वावडिंगाचं पाणीही प्यायलंय. खरं तर दात खाण्याचा किंवा गोड खाण्याचा जंत होण्याशी काही संबंध नाही. कोळीवाड्यातल्या मुलांना मात्र आणखी एक टोमणा ऐकावा लागतो, 'रोज मासे खाता, मग जंत होणारच!'

आधी हा गैरसमज दूर करू. काही समुद्री माशांमध्ये कृमींच्या अळ्या असतात, हे खरं. पण मासा नीट शिजला की त्या मरतात. घरच्या कालवणातून, कुरकुरीत तळलेल्या बोंबलातून जंत होत नाहीत. कच्च्या माशाची काळजी करायचीच असेल, तर ती लोअर परळला सुशी खाणाऱ्यांनी करावी!

मुलांच्या पोटात सर्रास सापडणारे कृमी येतात ते जमिनीवरून. गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी हे त्यातले मुख्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना त्यांची लागण आहे. गोलकृमीची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती विष्ठेतून बाहेर पडतात, काही आठवडे मातीत मुरतात आणि मग न धुतलेल्या हातांवरून, भाजीवरून, पाण्यातून पुन्हा कुणाच्या तरी पोटात जातात. अंकुशकृमीला तर तोंडाचीही गरज नाही. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. आतड्याला चिकटून तो रक्त शोषतो, हिमोग्लोबिन उतरतं, मूल थकतं, अभ्यासात मागे पडतं. आपण म्हणतो, 'आळशी आहे.'

आता वरळी किंवा माहीमच्या कोळीवाड्यात या. दाटीची घरं, अरुंद गल्ल्या, सार्वजनिक शौचालय आणि पावसाळ्यात सगळीकडे चिखल. आई पहाटेच भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला म्हावरं घ्यायला गेलेली, धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण. किनाऱ्यावर जाळी ओढायची तर चप्पल कोण घालणार? तेव्हा दोष माशांचा नाही आणि माणसांचाही नाही. जिथे वस्ती दाट आणि सोयी तोकड्या, तिथे कृमींचं फावतं. कोळीवाडा असो, नाहीतर झोपडपट्टी.

यावर सरकारी उत्तर आहे, आणि ते चांगलं आहे. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. ठरलेले दिवस १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, तारखा कधी मागेपुढे होतात. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. पण हे औषध आज पोटात असलेले कृमी मारतं, उद्या येणाऱ्यांना अडवत नाही. शिवाय शाळा सोडून होडीवर जाणारा सतरा वर्षांचा पोरगा ती गोळी घ्यायला अंगणवाडीत जाईल का? नियमाने त्याला ती तिथे मिळायला हवी, पण लहान मुलांच्या रांगेत तो उभा राहणार नाही. आणि घरातलं जेवण जिच्या हातचं असतं, ती पाटी घेऊन बाजारात बसणारी मावशी तर या वयोगटातच बसत नाही.

म्हणून गोळीच्या जोडीला हवं आरोग्यशिक्षण. हा शब्द ऐकला की भित्तिपत्रक, भाषण आणि जांभई आठवते, मान्य. पण त्याची ताकद बघायची असेल तर नारू आठवा. तुमच्या आजीने हा रोग पाहिलेला असू शकतो. पायातून हातभर लांबीचा कृमी बाहेर यायचा. त्यावर लस नव्हती, औषध नव्हतं. पाणी फडक्याने गाळून प्या, नारूच्या रुग्णाने विहिरीत पाय बुडवायचा नाही, पायऱ्यांच्या विहिरी सुधारा, हे गावोगाव, घरोघर सांगितलं गेलं. १९९६ मध्ये राजस्थानात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. सांगणाऱ्यांनी सांगितलं, ऐकणाऱ्यांनी ऐकलं, म्हणून हे घडलं.

कोळीवाड्यात हे सांगायची वेळ कोणती? तीही ठरलेली आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. होड्या किनाऱ्यावर, खलाशी घरी, जाळ्यांची डागडुजी चालू. नंतर नारळी पौर्णिमा येते आणि सगळे पुन्हा दर्यावर. १० ऑगस्टच्या गोळीआधीचे हे दोन महिने वाया का घालवायचे? दादर, परळ, गिरगावच्या कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजनेची पथकं आहेत, स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यातले दहा तास इथे द्या. केईएम परळमध्येच आहे, तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना सोबत घ्या. लालबागच्या मंडळांनीही पुढे यावं. १९३४ मध्ये लालबागचा राजा बसवला गेला, तो मच्छीमार आणि छोट्या विक्रेत्यांच्या नवसातूनच!

फक्त जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. नाकाला रुमाल लावून जाऊ नका, हे मुंबईचे आद्य रहिवासी आहेत. भाषण देण्यापेक्षा जाळी विणणाऱ्यांशेजारी बसा, वस्तीतलाच एखादा पोरगा, एखादी पोरगी तयार करा. आपल्या माणसाचं ऐकलं जातं. दुसरं, हात धुवा म्हणण्याआधी शौचालयाबाहेर नळ चालतो का, साबण आहे का, ते बघा. नसेल तर वस्तीसोबत महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करा. पाण्यावाचून स्वच्छतेचा उपदेश म्हणजे कोरड्या विहिरीवर घागर घेऊन जाणं.

चघळायची गोळी, साबण आणि पायात चप्पल. या तीन स्वस्त गोष्टी प्रत्येक घरात पोचल्या, तर होडीवर चढणाऱ्या पोराच्या अंगात ताकद असेल आणि शाळेत बसलेल्या पोरीचं लक्ष फळ्यावर. यंदाचा जून कोरडा जाऊ देऊ नका.