जबडा काढला, जीव वाचला. टाळूच्या कवळीचं काय?

पेडगाव (ता. परभणी) : कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 च्या मे महिन्यात, काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस हा शब्द गावोगावी पोहोचला. राज्य सरकारने हा आजार महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला. इंजेक्शनसाठी नातेवाईकांची धावाधाव झाली. अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला, तेव्हा कुठे जीव वाचला. बातम्या तिथेच थांबल्या. तंबाखू-गुटख्याच्या कॅन्सरमुळे मात्र हेच ऑपरेशन आजही होतंय. गुटखाबंदी 2012 पासून आहे, ती किती पाळली जाते हे पानटपरीवर उभं राहिलं की कळतं.

जबडा काढला की तोंड आणि नाक यांच्यामधला पडदाच जातो. घोटभर पाणी प्यायलं तरी नाकातून येतं. बोलणं गेंगाणं होतं, घरच्यांनाही कळत नाही. माणूस पंगतीला बसायचं टाळतो, फोन उचलत नाही. यावर उपाय म्हणजे भोक बुजवणारी खास कवळी, डॉक्टरांच्या भाषेत ऑब्च्युरेटर. ती नीट बसली तर त्याच दिवशी बोलण्यात फरक पडतो, वरणात कुस्करलेली भाकरी खाता येते.

अडचण अशी की ही कवळी एकदाच करून भागत नाही. पहिली ऑपरेशनच्या वेळीच, दुसरी जखम भरेपर्यंतची, आणि कायमची काही महिन्यांनी. जखम आक्रसते तशी कवळी सैल होते, पुन्हा बसवून घ्यावी लागते. दात उरले नसतील तर ती टिकवणं अवघड. रेडिएशन झालेल्यांचं तोंडच पुरेसं उघडत नाही. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड 1923 च्या ऑपरेशननंतर 16 वर्षं अशाच कवळीवर जगले आणि तिला कंटाळले होते. व्हिएन्नात राहून त्यांची ही गत, तर इथल्या शेतमजुराचं काय?

परभणीत खासगी दंत महाविद्यालय आहे, सरकारी मात्र छत्रपती संभाजीनगरला. एका खेपेला दिवसाची मजुरी बुडते, सोबतच्याचीही. म्हणून सैल कवळी ताकात पडते आणि माणूस कापसाचा बोळा कोंबून दिवस काढतो. बोळा आत अडकला तर जंतुसंसर्गाची भीती वेगळीच.

ऑपरेशन योजनेत बसलं म्हणजे उपचार संपले, असं धरून चालणंच चूक आहे. सुट्टीच्या कार्डावर टाके काढायची तारीख असते, तशी कवळीची तारीखही हवी. आशाताईंच्या यादीत बीपी-शुगरसोबत हे रुग्णही हवेत. आणि ज्यांची कवळी आत्ता सैल आहे, त्यांनी ती घरी कानशीने घासू नये, मापासाठी सोबत घेऊन जावी.