स्वदेशात उपरे!

दरवर्षी उन्हाळा सरत आला की महाराष्ट्रातील हजारो बिऱ्हाडे हलतात. कोणाची बदली बंगळूरला झालेली असते, कोणाला हैदराबादेस नोकरी लागलेली असते, तर कोणी इंदूरला किंवा अहमदाबादेस धंदा थाटावयास निघालेला असतो. घरातील भांडीकुंडी, मुलांची पुस्तके आणि देव्हाऱ्यातील देव यांना राज्याची सीमा ओलांडताना कोणी अडवीत नाही. अडते ती एकच वस्तू. दाराशी उभी असलेली मोटार किंवा मोटारसायकल नव्या गावी जाऊन बारा महिने लोटले की ती 'परराज्यातील' ठरते. तिला नवा क्रमांक घ्यावा लागतो, नवा कर भरावा लागतो आणि जुन्या कराच्या परताव्यासाठी सोडून आलेल्या गावी अर्ज धाडावे लागतात. माणूस भारताचा नागरिक राहतो, त्याची गाडी मात्र उपरी होते. ही विसंगती आता सहन करण्यापलीकडे गेली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदा काय सांगतो ते प्रथम पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ४६ वे कलम म्हणते की, एका राज्यात झालेली नोंदणी साऱ्या भारतात ग्राह्य धरली जाईल. हे वचन वाचून नागरिकाला धन्य वाटावे, तोच लगेच पुढचे ४७ वे कलम त्याच्या स्वागतास उभे असते. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नवे नोंदणीचिन्ह घेतलेच पाहिजे, असे हे कलम बजावते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार नवा नाही. १९३९ च्या कायद्यातही ही तरतूद होतीच. त्या काळी तिला काही अर्थ होता. नोंदणीची वही कचेरीतल्या कपाटात असे आणि पुण्याच्या वहीत काय लिहिले आहे हे मद्रासच्या कारकुनाला कळण्याचा मार्ग नसे. आज बहुतेक सर्व राज्यांच्या नोंदी 'वाहन' या एकाच संगणकीय दप्तरात आहेत. रस्त्यावरचा पोलीस हातातील यंत्रावर कोणत्याही राज्यातील गाडीची कुंडली क्षणात वाचू शकतो. वही गेली, कपाट गेले, पण त्या कपाटासाठी केलेला नियम मात्र जागचा हललेला नाही!

या नियमापायी सामान्य माणसाला काय सोसावे लागते? प्रथम जुन्या कचेरीचे 'ना हरकत' प्रमाणपत्र हवे. गाडी कर्जाऊ असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेची संमती हवी. गाडी चोरीची नाही आणि तिच्यावर दंडाची बाकी नाही, याची खातरजमा हवी. सांगाड्यावरील क्रमांकाचा ठसा हवा. तीस दिवसांत कचेरीने काहीच कळविले नाही, तर प्रमाणपत्र मिळाले असे समजावे, अशी उदार तरतूद ४८ व्या कलमात आहे. परंतु 'समजावे' एवढ्यावर दुसऱ्या राज्यातील कचेरीची खिडकी उघडत नाही, हे ज्याने त्या खिडकीपुढे रांग धरली आहे तोच जाणे.

यापुढे कराचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल मोटारीवर अकरा टक्के कर आहे, आणि तो गाडीच्या साऱ्या आयुष्याचा म्हणून एकरकमी घेतला जातो. नऊ लाखांची गाडी घेणाऱ्याने ९९ हजार रुपये सरकारजमा केलेले असतात. दोन वर्षांनी त्याची कर्नाटकात बदली झाली, तर उरलेल्या वर्षांचा कर त्याने तेथे पुन्हा भरावयाचा. तेथील दर तर गाडीच्या किमतीप्रमाणे तेरापासून अठरा टक्क्यांपर्यंत चढत जातात. महाराष्ट्राकडे उरलेली रक्कम परत मागण्यासाठी नव्या राज्यातील नोंदणीचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे आधी दुसऱ्यांदा भरा आणि मग पहिले मागा! पगारदार माणसाने एकाच वस्तूवरील कर दोन सरकारांकडे गुंतवून ठेवावा आणि परताव्यासाठी शेकडो मैलांवरील कचेरीचे उंबरठे झिजवावेत, याला न्याय म्हणता येत नाही.

या जाचाचा परिणाम केवळ खिशावर होतो असे नव्हे. नियम पाळणे जेथे अवघड, तेथे नियम चुकविणे सोपे वाटू लागते. मग मध्यस्थांचे फावते. गाव सोडणारा माणूस आपली दुचाकी मित्राला नाहीतर शेजाऱ्याला देऊन टाकतो, आणि कागद पूर्वीच्याच नावावर राहतात. पुण्यात शिकावयास आलेला परदेशी विद्यार्थी जुनी फटफटी घेतो व शिक्षण संपताच ती पुढच्याच्या हवाली करून मायदेशी जातो. अशी एकच गाडी चार हातांतून फिरते आणि दप्तरात मात्र पहिलाच मालक नांदत असतो. अशा गाडीने अपघात केला तर भरपाई कोणी द्यावयाची? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निःसंदिग्ध निर्णय दिला आहे की, दप्तरात ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि दायित्वही त्याचेच. वर्षापूर्वी विकलेल्या गाडीसाठी मूळ मालकाच्या दारावर वकिलाची नोटीस येऊन थडकावी आणि अपघातात पाय गमावलेल्याने खऱ्या चालकाला शोधीत फिरावे, हे अवघड नियमांचे पर्यवसान आहे.

आता परक्या देशात परक्या माणसाला कोणती वागणूक मिळते, ते पाहणे बोधप्रद ठरेल. पुण्याजवळच्या चाकण परिसरात जर्मन मोटारींचे कारखाने उभे राहिल्यापासून जर्मनीला जाणाऱ्या मराठी अभियंत्यांची आपल्याला नवलाई राहिलेली नाही. असा एखादा तरुण स्टुटगार्टला जातो. जर्मनी त्याचे लाड करते असे मुळीच नव्हे. भारतीय परवान्यावर त्याला सहाच महिने गाडी चालविता येते, पुढे लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. पण गाडी घेताना त्याचे नागरिकत्व आड येत नाही. राहत्या पत्त्याची नोंद, विम्याची हमी, गाडीच्या तपासणीचा दाखला आणि कर बँकेतून वळता करण्याची संमती एवढे दिले की नोंदणी होते. ती जर्मन माणसाची होते तशीच याची होते. पुढे त्याने स्टुटगार्ट सोडून हॅम्बुर्गला बिऱ्हाड केले, तर त्याने नोंदणी कचेरीला नवा पत्ता कळवावा, एवढेच त्याचे कर्तव्य. २०१५ च्या १ जानेवारीपासून साऱ्या जर्मनीत जुना क्रमांक कायम ठेवण्याची मुभा आहे. स्टुटगार्टचे 'एस' हे अक्षर मिरवीत त्याची गाडी हॅम्बुर्गच्या रस्त्यावर खुशाल धावते.

जर्मनी हेही सोळा राज्यांचे संघराज्य आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. मोटारीवरील कर तेथेही पूर्वी राज्यांच्या तिजोरीत जात असे. २००९ च्या १ जुलैपासून तो संघ सरकारकडे गेला आणि त्याच्या मोबदल्यात राज्यांना दरवर्षी ठरावीक रक्कम मिळू लागली. राज्ये बुडाली नाहीत, त्यांची स्वायत्तता लोपली नाही आणि नागरिकाची मात्र कटकट मिटली. म्हणजे पुण्याचा तरुण परदेशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सुखाने जातो, आणि मायदेशी परतून पुण्याहून बंगळूरला गेला की उपरा ठरतो! याहून मोठा उपहास कोणता?

गाडीत करावयाच्या बदलांचीही हीच कथा आहे. कर्कश आवाजाचे सायलेन्सर बसवून मध्यरात्री गल्ल्या दणाणून सोडणाऱ्या पोरांची आम्हांला यत्किंचितही कणव नाही. रुग्णाईताची झोप मोडणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. परंतु ५२ व्या कलमाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल सरसकट निषिद्ध केले आहेत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. इंधन बदलण्याचा संच आणि अपंग व्यक्तीसाठी केलेली रचना यांना परवानगीने वाट ठेवली आहे, ती योग्यच आहे. तथापि गाडी सुरक्षित करणारा बदल आणि ती धोक्याची करणारा बदल यांत भेद कोणी करावयाचा? जर्मनीत त्यासाठी तज्ज्ञ तपासनीस आहेत. ते सुट्या भागाचा दाखला पाहतात, गाडी तपासतात आणि मान्य झालेला बदल गाडीच्या कागदावर नोंदवितात. तेथे बदलाला बंदी नाही, बेजबाबदारीला आहे. आमच्याकडे तपासण्याची व्यवस्था उभारणे कठीण, म्हणून मनाई करणे सोपे! आणि ती मनाईही बेताचीच, कारण कर्कश सायलेन्सर भर बाजारात विकणारा मोकळा राहतो आणि दंडाची पावती फाटते ती घेणाऱ्याच्या नावे.

राज्य सरकारांचीही एक बाजू आहे, आणि ती न ऐकता निवाडा देणे न्यायाचे होणार नाही. वाहनांवरील कर हा घटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत ५७ व्या क्रमांकाचा विषय आहे. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाल्यापासून राज्यांच्या हाती स्वतंत्र उत्पन्नाची साधने मोजकीच उरली आहेत. त्यांतील हे एक भरवशाचे. शिवाय करचुकवेगिरीची भीती काल्पनिक नाही. केरळातील काही धनिकांनी व नटनट्यांनी आपल्या लाखमोलाच्या मोटारी अल्प कराच्या पुदुच्चेरीत नोंदविल्याचा बोभाटा २०१७ मध्ये झाला होता. पण म्हणून उपाय कोणता योजावयाचा? कर्नाटकाने २०१४ मध्ये केवळ तीस दिवस राहिलेल्या परराज्यातील गाडीवर आयुष्यभराचा कर बसविला. २०१६ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरविली, हे ठीक झाले. खोट्या पत्त्यावर गाडी नोंदविणारा लक्षाधीश आणि बदली झालेला शिक्षक यांना एकाच जाळ्यात पकडणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

केंद्र सरकारने २०२१ च्या सप्टेंबरपासून 'बीएच' म्हणजे 'भारत' ही क्रमांकमाला सुरू केली, हे पाऊल योग्य दिशेने पडले यात शंका नाही. या मालेतील गाडीला राज्य बदलले तरी नवा क्रमांक लागत नाही. कर दोन-दोन वर्षांचा भरावयाचा, आणि दर गाडीच्या किमतीप्रमाणे आठ, दहा किंवा बारा टक्के. २०२२ च्या डिसेंबरात जुन्या गाड्यांनाही या मालेत येण्याची वाट मोकळी झाली. पण ही सवलत कोणाला? सैनिकांना, सरकारी व सार्वजनिक उद्योगांतील नोकरांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांना. लातूरहून हैदराबादेस फटफटीवर जाणारा गवंडी, सोलापुरातून विजापुरास दुकान हलविणारा व्यापारी, खाजगी महाविद्यालयातील अध्यापक आणि स्वतंत्र व्यवसाय करणारा वैद्य हे 'भारता'त बसत नाहीत! ज्याच्यामागे बलाढ्य मालक उभा आहे त्याला सोय, आणि जो स्वतःच्या पायावर उभा आहे त्याला जाच, हा न्याय उफराटा आहे. भारताचे नाव धारण करणारी क्रमांकमाला नोकरीचा दाखला मागते, हेच मुळी त्या नावाला शोभत नाही.

उपाय अवघड नाही. समवर्ती सूचीतील ३५ व्या नोंदीने वाहनकराची तत्त्वे ठरविण्याचा अधिकार संसदेला दिलेलाच आहे. राज्यांच्या परिवहनमंत्र्यांच्या गटाने २०१८ मध्ये आठ, दहा व बारा टक्क्यांची समान कररचना सुचविली होती. तीच पुढे भारत मालेत आली. ती सर्वांना लागू करावी. गाडीला जन्मभर एकच क्रमांक असावा आणि स्थलांतर करणाऱ्याने केवळ नवा पत्ता कळवावा. उरलेल्या वर्षांच्या कराचा हिशेब दोन राज्यांनी परस्परांत मिटवावा. बँका रोज कोट्यवधी रुपयांची अशी वळतावळत करतात, मग सरकारांनाच ती अशक्य का वाटावी? नागरिकाला दोन तिजोऱ्यांमधला हमाल बनविण्याचे कारण नाही.

दिल्लीकडे बोट दाखवून महाराष्ट्राला मात्र स्वस्थ बसता येणार नाही. बंगळूरात आमच्या मुलांना होणाऱ्या त्रासाने आम्ही कळवळतो. पण कानडी, तेलुगू किंवा हिंदी भाषिक माणूस आपली गाडी घेऊन पुण्या-मुंबईत राहावयास येतो, तेव्हा त्याच्या वाट्याला आमच्या कचेऱ्यांतही हेच हेलपाटे येतात. त्याच्या पाटीवरचे परप्रांताचे अक्षर पाहून चौकात त्याला आधी हटकले जाते. भाषावार प्रांतरचनेसाठी महाराष्ट्राने रक्त सांडले, ते राज्यकारभार लोकांच्या भाषेत चालावा म्हणून, सीमेवर नवी जकातनाकी उभी राहावीत म्हणून नव्हे. घटनेच्या १९ व्या कलमाने देशात कोठेही संचार करण्याचा व वस्ती करण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क पायी चालणाऱ्यापुरता नाही.

म्हणून आरंभ महाराष्ट्रानेच करावा. राज्य सोडून जाणाऱ्याला उरलेल्या कराचा परतावा त्याने खेटे न घालता ठरावीक मुदतीत थेट त्याच्या बँकखात्यात द्यावा, आणि 'ना हरकत' प्रमाणपत्र तीस दिवसांत न दिल्यास ते संगणकावर आपोआप उमटावे. या दोन गोष्टींना दिल्लीची परवानगी लागत नाही, की शेजारच्या राज्याची संमती लागत नाही. लागते ती केवळ इच्छा. आपल्या माणसाला निरोप देताना त्याचे पैसे अडकवून ठेवणारे राज्य दुसऱ्या राज्याकडे सौजन्य कोणत्या तोंडाने मागणार? परिवहन खात्याने याचे उत्तर शब्दांनी देऊ नये, कृतीने द्यावे.