शेवाळाचा अर्क आधी कारखान्याच्या मळ्यात फवारा



हल्ली उसाची ‘प्रतिकारशक्ती वाढविणारी’ समुद्री शेवाळाची बाटली घेऊन विक्रेते थेट बांधावर येतात. ही बाटली कारखान्याने उधारीवर द्यावी आणि ऊसबिलातून कापून घ्यावी, अशीही मागणी कानावर येते. माझा तिला आज तरी विरोध आहे.

शेवाळात काहीच नाही, असं नव्हे. मालवण-रत्नागिरीकडच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी हिरवंगार, पानासारखं पातळ शेवाळ दिसतं. ते उल्वा. त्यातून ‘उल्वान’ नावाचा, शर्करांच्या साखळीचा गंधकयुक्त पदार्थ निघतो (ही शर्करा आपल्या पोत्यातली नव्हे!). उल्वान बुरशी मारीत नाही. पानाला लागलं की झाडाला वाटतं शत्रू आला, आणि ते आधीच दारं लावून घेतं. फ्रान्समध्ये लसूणघासाच्या एका जातभाईवर हा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. आधी अर्क दिलेली रोपं कोलेटोट्रायकम बुरशीपुढे टिकली. आपल्या उसात लाल कुज आणणारी बुरशी त्याच घराण्यातली आहे, जात मात्र निराळी.

विक्रेता इथपर्यंतच सांगतो. पण लाल कुज मुख्यतः बेण्यातून येते आणि कांडीच्या आत वाढते. पानावरचा फवारा तिथवर कितपत पोचणार? रोग दिसल्यावर फवारणाऱ्याचे तर पैसे पाण्यातच जायचे. आणखी एक मेख आहे. बाजारातल्या पुष्कळ बाटल्या तांबड्या किंवा तपकिरी शेवाळाच्या असतात. त्यांत उल्वान नसतंच. त्यांचे दुसरे गुण असतील, पण पुरावा एकाचा आणि माल दुसऱ्याचा, हे कसं चालेल?

म्हणून शेतकी खात्याने कारखान्याच्या मळ्यात दोन हंगाम प्रयोग घ्यावा. एका पट्ट्यात अर्क, शेजारच्या पट्ट्यात नुसतं पाणी. बेणं, खत, पाळी सारखीच. दोन्हींचा ऊस काट्यावर वेगळा घालावा, साखर उतारा वेगळा काढावा आणि आकडे, भले पडते आले तरी, याच अंकात छापावेत. तोवर पैसा बेणेमळ्यावर घालावा. ५० अंश सेल्सिअस गरम पाण्यात २ तास ठेवलेलं बेणं काणी नि गवताळ वाढीला आवर घालतं, हे जुनं आणि पारखलेलं काम आहे.

अशी द्रव्यं २०२१ साली ‘जैव उत्तेजक’ म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आली. तेव्हा शेवाळ कोणतं, नोंदणी कुठली, हे विचारल्याशिवाय बाटली घेऊ नये. ज्यांनी घेतलीच असेल त्यांनी चार सऱ्या फवारणीविना सोडाव्यात आणि तोडणीआधी गट ऑफिसात कळवावं.