विश्लेषण : प्रोबेशनमध्ये राजीनामा दिला तरी ‘बाँड’चे पैसे भरावे लागतात का?

नवी नोकरी मानवली नाही किंवा दुसरीकडे चांगली संधी मिळाली, तर प्रोबेशनमध्येच राजीनामा देणारे अनेक जण असतात. ‘अजून कायम झालो नाही, मग बंधन कसले?’ असा त्यांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे.

नोटीस वेगळी, बाँड वेगळा

नियुक्तीपत्रात सहसा दोन स्वतंत्र अटी असतात. पहिली नोटीस कालावधीची. प्रोबेशनमध्ये तो बहुतेक ठिकाणी कमी असतो. कायम झाल्यावर वाढतो. दुसरी अट बाँडची, म्हणजे ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास ठरलेली रक्कम भरण्याची. बाँडची मुदत प्रोबेशनपेक्षा मोठी असू शकते. त्यामुळे नोटीस नीट पूर्ण केली, तरी बाँडमधून आपोआप सुटका होत नाही.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणाले?

विजया बँकेच्या भरतीत तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट होती. २००७ मध्ये रुजू झालेल्या एका अधिकाऱ्याने २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला. त्याने पैसे भरले, पण अटीला आव्हान दिले. कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूने लागला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र अट वैध ठरवली. ही अट दुसरीकडे नोकरी करण्यापासून रोखत नाही, तसेच सरकारी बँकेला नव्याने भरतीचा खर्च करावा लागतो, असे कारण न्यायालयाने दिले.

मग कंपनी म्हणेल ती रक्कम द्यायची?

नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करार मोडल्यास वाजवी भरपाईच मिळते. करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. त्यामुळे प्रशिक्षणावर फारसा खर्च न करता लाखोंचा बाँड लिहून घेतला असेल, तर त्याला आव्हान देता येते. आणि भरपाई मागता आली, तरी इच्छेविरुद्ध कामावर ठेवण्याचा अधिकार कंपनीला नाही.

शेवटचा पगार कधी?

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजी दिवसांत देणे बंधनकारक आहे.

राजीनाम्याआधी काय करावे?

नियुक्तीपत्र, बाँड आणि प्रोबेशन वाढवल्याचे पत्र आलेले असल्यास तेही वाचावे. राजीनामा तोंडी न देता ई-मेलने द्यावा आणि तो स्वीकारल्याचे उत्तर जपून ठेवावे. निघताना रिलीव्हिंग लेटर घ्यावे. न सांगता कामावर जाणे बंद केल्यास ‘गैरहजर’ असा शेरा बसतो आणि पुढच्या नोकरीच्या पडताळणीत तोच आडवा येतो.