मुलास विद्यापीठांत धाडण्यापूर्वींची मशागत

पेरणीचे दिवस येण्यापूर्वीं शेताची नांगरट व कुळवणी आटोपून ठेवावी, हें आपणां शेतकऱ्यांस कोणी शिकवावें लागत नाहीं. वैशाखांत ज्याचें शेत तयार नाहीं, त्यास मृगाची पेरणी साधत नाहीं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. परंतु घरचा मुलगा किंवा मुलगी बारावीची परीक्षा उतरून विद्यापीठाच्या गांवीं जावयास निघते, तेव्हां हीच दूरदृष्टि आपण कोठें ठेवतों, असा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं. प्रवेशाची यादी लागली कीं धांवपळ सुरू होते. एक पेटी, एक गादी, चिवड्या-लाडवांचा डबा आणि उसनवारीचे पैसे, एवढ्यावर तयारी संपली असें आपण समजतों. आमचें म्हणणें असें कीं, खरी तयारी पेटीची नसून हिशेबाची आहे, आणि ती आईबापांनीं व मुलानें एकत्र बसून करावयाची आहे.

शेतकीचें उच्च शिक्षण आपल्याकडे नवें नाहीं. पुण्याचें कृषिमहाविद्यालय १९०७ सालीं स्थापन झालें. पुढें राहुरीस १९६८ सालीं, अकोल्यास १९६९ सालीं, आणि दापोली व परभणी येथें १९७२ सालीं कृषिविद्यापीठें निघालीं. पण दारें उघडलीं म्हणजे खेड्यांतील मूल आंत गेलेंच असें होत नाहीं. शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत १९०१ सालापासून वसतिगृहें काढविलीं, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडून मुलांस स्वतःच्या श्रमावर राहावयास शिकविलें, तें एवढ्याचसाठीं. कुणब्याच्या मुलाची बुद्धि कमी पडत नाहीं, राहण्याजेवण्याचा खर्च आडवा येतो, हें त्या दोघांनीं ओळखलें होतें. आजही अडचण तीच आहे. फक्त तिचें रूप बदललें आहे.

तें रूप कोणतें तें पाहूं. प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यांत चालतात. शुल्क, वसतिगृहाची अनामत, खानावळीचे आगाऊ पैसे, पुस्तकें व प्रवास हा सर्व खर्च आषाढापासून भाद्रपदापर्यंत एकदम अंगावर येतो. नेमक्या त्याच दिवसांत शेतकऱ्याचा हात सर्वांत रिकामा असतो. बीं-खतांत पैसा अडकलेला असतो. सोयाबीन व कापूस दसरा-दिवाळीपूर्वीं घरांत येत नाहींत, आणि उसाचा पैसा तर कारखाना सुरू झाल्याखेरीज दिसत नाहीं. मग पीककर्जांतून शुल्क भरलें जातें, खताचा दुसरा हप्ता चुकतो, उतारा घटतो, आणि दुसऱ्या वर्षाच्या शुल्काची वेळ येते तेव्हां मागील कर्जही उभेंच असतें. एका शुल्काच्या निमित्तानें चार वर्षें शेतीची घडी विसकटलेलीं घरें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील.

यावर उपाय अवघड नाहीं, पण तो एक वर्ष आधीं करावा लागतो. कृषिपदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा असतो. मूल बारावींत असतांनाच त्या आठ सत्रांचा खर्च कागदावर मांडावा आणि त्यासमोर आपल्या पिकांच्या पैशाचे महिने लिहावे. कोणत्या सत्राचा खर्च कोणत्या पिकांतून, हें ठरलें म्हणजे निम्मी चिंता तेथेंच सरते. रब्बीचा हरभरा किंवा उन्हाळी कांदा विकला कीं पहिल्या सत्राची रक्कम मुलाच्या नांवें बँकेंत वेगळी ठेवावी, आणि लग्नकार्य असो वा बैल घेणें असो, तीस हात लावूं नये. पीककर्ज पिकासाठींच राहूं द्यावें. रक्कम कमी पडत असेल तर जमीन गहाण टाकण्यापूर्वीं शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. चार लाख रुपयांपर्यंतच्या अशा कर्जास बँकांनीं तारण मागूं नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तो ठाऊक नसल्यामुळें सात-बारा घेऊन सावकाराच्या दारीं जाण्याची पाळी कोणावर येऊं नये.

सरकारी साह्याविषयींही असेंच अज्ञान दिसतें. अल्पभूधारकांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीं पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शुल्कासाठीं राजर्षि शाहू महाराज शिष्यवृत्ति योजना आहे. मात्र उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचें प्रमाणपत्र व त्याची वैधता हे कागद यादी लागल्यावर एका आठवड्यांत मिळत नाहींत. त्यांसाठीं आदल्या हिवाळ्यांतच तहसील कचेरी गांठावी. आणि शिष्यवृत्ति मंजूर झाली तरी ती हातीं येईपर्यंतचा खर्च आपणच सोसावयाचा आहे, असें धरून चालावें. पैसे घेऊन प्रवेश मिळवून देतों म्हणणाऱ्या दलालास तर उंबऱ्याच्या आंत येऊं देऊं नये.

मुलींविषयीं स्वतंत्र लिहिणें अवश्य आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस, सरकारी प्रवेशप्रक्रियेंतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२४ सालीं घेतला. तेव्हां “मुलाचें शुल्क भरलें, आतां मुलीचें कोठून भरावें?” ही सबब पुष्कळ घरांतून उरलेली नाहीं. राहण्याजेवण्याचा खर्च उरतो. पण तो मुलासाठीं पेलतो तर मुलीसाठीं कां पेलूं नये, याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं द्यावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. हा सर्व हिशेब मुलास दाखवावा कीं नाहीं? पुष्कळ वडीलधारे म्हणतात कीं, घरच्या अडचणी सांगून कोंवळें मन खचवूं नये. त्यानें फक्त अभ्यास करावा. हा विचार मायेचा आहे यांत शंका नाहीं, परंतु तो हितकर नाहीं. मुलास घरचें कर्ज ठाऊक नसतें असें नव्हे. त्यास तें अर्धवट ठाऊक असतें. अर्धवट माहितीचे दोन परिणाम होतात. एखादा मुलगा शहरी सोबत्यांच्या बरोबरीनें खर्च करूं लागतो; दुसरा इतका दबून जातो कीं एका विषयांत नापास झाल्याचें घरीं सांगत नाहीं, आजारपण लपवितो, खानावळ बुडवून उपाशी राहतो. दुसरा प्रकार अधिक भयंकर आहे. बापानें आपल्यासाठीं जमीन गहाण टाकली एवढेंच ज्यास ठाऊक, पण किती रुपयांस, केव्हां सुटणार, हें ज्यास कोणी सांगितलें नाहीं, त्याच्या मनांत तें ओझें दिवसेंदिवस वाढतच जातें. याउलट आंकडा समोर असला म्हणजे भीति आटोक्यांत राहते. “इतकें कर्ज आहे, तें अमुक पिकावर फिटेल, तुझ्या वांट्यास महिना इतकी रक्कम येते, विषय राहिला तर परीक्षा पुन्हां देतां येते, पण आम्हांस आधीं कळव,” एवढीं वाक्यें निघण्यापूर्वीं मुलाशीं बोललीं गेलीं पाहिजेत.

बाकीची तयारी लहान आहे, पण ती सुट्टींतच व्हावी. स्वतःचे कपडे धुणें, साधा स्वयंपाक, बँकेचा व मोबाइलवरचा पैशाचा व्यवहार मुलानें आपल्या हातानें करावा. रोजचा खर्च वहींत मांडावा. मराठींतून बारावी झालेल्या मुलास पहिल्या सत्रांत इंग्रजी पुस्तकांचा धाक वाटतो; तेव्हां माती, खतें, कीड यांचे इंग्रजी शब्द आपल्याच शेतांत हिंडतांना त्यानें आधीं पाठ करावे. रॅगिंगचा जाच झाल्यास तो मुकाट्यानें सोसण्याचें कारण नाहीं. राज्यांत १९९९ सालापासून त्याविरुद्ध कायदा आहे, हेंही त्यास सांगून ठेवावें.

अखेरच्या वर्षीं कृषिपदवीच्या विद्यार्थ्यांस कार्यानुभवासाठीं खेड्यांत राहावें लागतें. ज्यानें आपल्या घरचा जमाखर्च एकदां तरी नीट वाचला आहे, तोच तेथें दुसऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबांत डोकें घालूं शकेल. पुढें तो नोकरी करो वा घरची शेती पाहो, ही विद्या त्याच्या उपयोगीं पडेल. ज्यांचीं मुलें यंदां बारावींत आहेत, त्या सभासद बांधवांनीं रब्बीचा माल विकण्यापूर्वीं एक संध्याकाळ मोकळी ठेवावी, आणि वही, सात-बारा व कर्जाचें खातेंपुस्तक मध्यें ठेवून मुलास व त्याच्या आईस शेजारीं बसवावें.