‘ऑफहँड’ कोण, आपण की आपली मुलं?

इथे अमेरिकेत ऑफिसमध्ये ‘ऑफहँड’ हा शब्द दोन अर्थांनी कानावर पडतो. “ऑफहँड आकडा सांगता येणार नाही” म्हणजे न बघता, आत्ता लगेच. त्यात वावगं काही नाही. पण एखादा माणूस ‘ऑफहँड’ वाटतो असं म्हटलं, की अर्थ बदलतो. समोरच्याची फारशी पर्वा न करता, तुटक, जाता जाता बोलणारा. आपल्या मराठी मंडळींनाही कधी कधी हा शेरा मिळतो.

यात स्वभावापेक्षा व्याकरणाचा हात जास्त आहे, असं मला वाटतं. मराठीत आदर क्रियापदातच असतो. फाईल ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘जरा पाठवता का’, या तिन्हींचं इंग्रजीत नुसतं ‘सेंड’ केलं तर आदर वाटेतच गळतो. म्हणून तिथे ‘प्लीज’, ‘कुड यू’ वेगळं जोडावं लागतं.

आता उलट बाजू बघा. इथे वाढलेली मुलं व्हिडिओ कॉलवर म्हणतात, “आजोबा, प्लीज तू गोष्ट सांग ना!” प्लीज आहे, तरी ‘तू’ ऐकून गावाकडचे आजोबा खट्टू होतात. इंग्रजीतला एकेरी ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून केव्हाच गेला, सगळ्यांना एकच ‘यू’ उरला. मग मुलांना अहो-जाहो सुचणार कुठून?

तेव्हा आजोबांनो, रागावू नका. हसून “सांगा म्हण बाळा” एवढंच सांगा. आणि आपणही ऑफिसात ‘प्लीज’ म्हणताना कंजुषी करू नये.